हालचाल आणि आवाज एकत्र असलेल्या समूहनृत्याची तालीम: पहिल्या श्वासापासून प्रयोगापर्यंत

नर्तकांनी नाचता नाचता स्वतःच बोलायचे किंवा गायचे असते, तेव्हा बहुतेक संच एकच क्रम धरतात: आधी पावले बसवायची आणि ती अंगात भिनली की त्यांवर शब्द चढवायचे. हा क्रम सोयीचा वाटतो, पण पुढे तोच महागात पडतो. पावले बसवताना शरीराने कुठे श्वास घ्यायचा, कुठे सोडायचा आणि कुठे कोंडायचा हे ठरवून टाकलेले असते, आणि ते ठरवताना आवाजाचा विचार झालेला नसतो. मग शब्द आले की संच धापा टाकू लागतो, शब्दांचे शेवट गळतात आणि दिग्दर्शक ‘आवाज वाढवा’ एवढेच सांगत राहतो. आवाज वाढवून हे दुखणे बरे होत नाही, कारण ते मुळात श्वासाचे आहे. म्हणून या लेखात तालमीचा संपूर्ण क्रम श्वासापासून मांडला आहे. गट आठ जणांचा असो वा तीस जणांचा, शैली कोणतीही असो, क्रम फारसा बदलत नाही.

श्वास आणि जोर यांचे नाते

उडी मारताना, जोडीदाराला उचलताना किंवा एकदम जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो. स्वरयंत्रातले स्वरतंतू घट्ट मिटतात, छाती आणि पोटातला दाब वाढतो आणि त्यामुळे धडाला आधार मिळतो. बोलण्यासाठी मात्र याच स्वरतंतूंनी हलकेच जवळ येऊन बाहेर पडणाऱ्या हवेवर कंप पावायचे असते. एकाच वेळी त्यांनी दार बंदही करावे आणि त्यातून हवाही सोडावी, अशी मागणी झाली की आवाज तुटतो किंवा घशावर ताण देऊन बाहेर पडतो. यावरून तालमीचा पहिला नियम निघतो: ज्या क्षणी शरीराला सर्वाधिक जोर लागतो, त्या क्षणी लांबवलेला स्वर किंवा महत्त्वाचा शब्द ठेवू नये.

मात्र आघाताचे तसे नसते. पाय जमिनीवर आपटताना, मांडीवर थाप देताना किंवा उडीवरून खाली येताना श्वास बाहेर पडणे शरीराला सोयीचेच असते, त्यामुळे एखादे छोटे, ठसठशीत अक्षर तिथे फार चांगले बसते. न्यूझीलंडमधील माओरी समाजाच्या हाकामध्ये पायाचा ठेका, अंगावरची थाप आणि घोष एकत्र येतात आणि त्या घोषाला अंगातून आल्यासारखे बळ मिळते, त्यामागे हेच आहे. लांब स्वर आघातावर थरथरतो. छोटे अक्षर आघातावर उजळते. रचना करताना हा भेद सतत डोळ्यांसमोर ठेवावा.

मजकूर निवडणे आणि त्याचे श्वासखंड पाडणे

मजकूर थोडा असावा. जोरदार हालचालीत एका श्वासावर चार-पाच सेकंदांहून अधिक बोलणे ठेवू नये. शांत चालीत किंवा स्थिर आकृतीत याच्या दुप्पट चालते. लयीच्या भाषेत सांगायचे तर मिनिटाला ९६ मात्रांच्या गतीत आठ मात्रा बरोबर पाच सेकंदांत संपतात, म्हणजे जोरदार भागासाठी आठ मात्रांची ओळ ही वरची मर्यादा समजावी.

मजकूर हाती आला की कोणीही पाऊल उचलण्यापूर्वी सर्वांनी बसून तो मोठ्याने वाचावा आणि श्वास घेण्याच्या जागा पेन्सिलने खुणावून ठेवाव्यात. व्याकरणातला स्वल्पविराम आणि श्वासाची जागा एकच असतील असे नाही. वाचताना अक्षरांचा स्वभावही तपासावा. ‘भ’, ‘ख’, ‘फ’, ‘ह’ ही अक्षरे हवा जास्त खातात, त्यामुळे श्वासाच्या शेवटी आली तर फुसकी निघतात. ‘स’ आणि ‘श’ वीस जणांच्या तोंडून किंचित मागेपुढे निघाले तरी सभागृहभर फुत्कार ऐकू येतो. ‘ट’, ‘क’, ‘प’ यांवर शब्द संपत असेल तर ते शेवटचे व्यंजन कितव्या मात्रेवर मिटायचे हे सर्वांसाठी एकच ठरवावे लागते. समूहाचे बोलणे अस्पष्ट का वाटते याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा दोष आवाजाच्या मोठेपणात नसून या शेवटच्या व्यंजनांत सापडतो.

एक ओळ जवळून पाहू. समजा, ओळ अशी आहे: ‘वाट दे, वाट दे, पाणी आले’. पहिल्या प्रयत्नात ती सहजपणे आठ मात्रांवर पसरते: वाट, दे, वाट, दे, पा, णी, आ, ले. कागदावर ती नेटकी दिसते, पण तिच्यात श्वासाला जागाच नाही. ती चार वेळा सलग म्हणायची असेल आणि आठव्या मात्रेवर उडी असेल, तर दुसऱ्या आवर्तनातच संच धापा टाकू लागेल, शिवाय ‘ले’ हवेत तुटेल. आता ‘पाणी’ पाचव्या मात्रेवर आणि ‘आले’ सहाव्या मात्रेवर आटोपशीर घ्यावे. सातवी मात्रा रिकामी राहते. तिच्यावर गुडघे वाकवावेत आणि श्वास आत घ्यावा. आठव्या मात्रेवर निःशब्द उडी घ्यावी. पुढच्या आवर्तनाच्या समेवर पाय जमिनीला टेकतात त्याच क्षणी ‘वाट’ उमटावे. शब्द तेच, मात्रा तेवढ्याच. पण आता उडीची तयारी हाच श्वास झाला, शांतता प्रेक्षकाला उत्कंठेसारखी भासू लागली आणि ‘वा’ला आघाताचे बळ मिळाले. प्रत्येक ओळीवर एवढे बारीक काम करावे लागते, आणि ते तालमीच्या पहिल्या आठवड्यातच करावे, कारण नंतर ओळ हलवायची म्हटले की सगळ्यांचे पाय विरोध करतात.

हे सर्व एका तक्त्यावर लिहून ठेवावे. कागदावर मात्रांचे उभे रकाने आखून त्यांत तीन आडव्या ओळी कराव्यात: वरच्या ओळीत आवाज, मधल्या ओळीत श्वास, खालच्या ओळीत पाय आणि धड. मधली ओळ लिहायचा कंटाळा येतो, आणि तीच सर्वांत उपयोगी असते. गैरहजर राहिलेल्या कलाकाराला भाग समजावून देताना या तक्त्याचे मोल कळते.

आधी तोंड, मग पाय, मग जागा

कथकमध्ये पढंत म्हणून एक सुंदर प्रथा आहे. नर्तक हाताने ताल धरून बोल आधी म्हणून दाखवतो आणि मग तेच बोल नाचतो. म्हणजे पायांना जे करायचे आहे ते तोंडाला आधीच ठाऊक असते. समूहाच्या तालमीसाठी हा क्रम जसाच्या तसा उचलावा, त्यात मधल्या काही पायऱ्या मात्र वाढवाव्यात.

प्रथम सर्वांनी गोलात बसून, मिनिटाला ६० मात्रांच्या गतीत, टाळी धरून मजकूर म्हणावा. या टप्प्यावर अर्थ, स्वर आणि मात्रा पक्क्या होतात. त्यानंतर उभे राहून केवळ वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेत तोच मजकूर म्हणावा. मग जागेवर पावले, मग धड, आणि हात सर्वांत शेवटी. कारण हात खांद्यांना वर ओढतात आणि खांदे वर गेले की श्वास उथळ होतो. इथपर्यंत कोणीही जागा सोडलेली नसते. जागेवर सर्व काही स्वच्छ झाल्यावरच पुढे-मागे सरकणे, वळणे आणि रांगा बदलणे सुरू करावे. नवी पायरी चढताना गती पुन्हा ६० वर आणावी आणि मग चार-चार मात्रांनी वाढवत नेमलेल्या गतीपर्यंत पोहोचावे. उतावीळ संचाला हे रटाळ वाटते. दिग्दर्शकाने इथे ठाम राहावे. संथ लयीत जी चूक दिसते ती जलद लयीत फक्त झाकली जाते.

चालत चालत म्हणण्याचा भाग स्वतंत्रपणे बसवावा. प्राचीन ग्रीक शोकांतिकेतला वृंद रंगस्थळी येताना म्हणत असे त्या पदांसाठी अनेकदा कूच करण्याच्या चालीला साजेसा छंद वापरलेला आढळतो. पाऊल आणि अक्षर यांची सांगड छंदातच घातलेली असे. आपला मजकूर गद्य असेल तर ही सांगड तालमीत घालावी लागते. दोन पावलांवर श्वास आत, सहा पावलांवर बोलणे, असे एखादे सोपे प्रमाण ठरवून सर्वांनी खोलीभर मोकळेपणाने फिरावे आणि ते प्रमाण अंगवळणी पडल्यावर मगच आखलेल्या वाटेवर यावे.

संच एकत्र कसा सुरू होतो

दिग्दर्शक प्रयोगात समोर उभा राहून हात हलवणार नसतो. मग वीस जणांनी पहिले अक्षर एकाच क्षणी कसे उच्चारायचे? बहुतेकांचे उत्तर असते की एकमेकांचे ऐकून. हे उत्तर अपुरे आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत दाखवता येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे बारा मीटर रुंद रंगमंचाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला सुमारे ३५ सहस्रांश सेकंद लागतात. त्यात आवाज ऐकून प्रतिसाद द्यायला माणसाला लागणारा, साधारण दीड दशांश सेकंदाचा वेळ मिळवावा. जो ऐकून सुरू करतो तो मागे पडणारच, आणि हा मागेपणा प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू येतो.

म्हणून सुरुवात ऐकण्यावर सोडू नये. ती सर्वांनी मिळून घेतलेल्या श्वासावर ठेवावी. श्वास ही पहिल्या अक्षराच्या आधीची एक मात्रा आहे आणि ती त्याच लयीत घ्यायची असते. संथ ओळीआधी संथ श्वास, झपाट्याच्या ओळीआधी झपाट्याचा श्वास. छाती किंचित उघडते, हनुवटी सावरते, एवढे शेजाऱ्याला डोळ्यांच्या कडेने दिसते आणि तेवढे पुरते. सरावासाठी सर्वांनी एका दिशेला तोंड करून, कोणीही इशारा न करता, एकदम चालू लागावे आणि एकदम थांबावे. काही दिवसांनी त्यात एका अक्षराचा घोष मिळवावा. पुढाकार कोण घेते आहे हे बाहेरच्याला ओळखता येईनासे झाले की संच तयार होत आहे असे समजावे. प्रत्येक भागासाठी एक श्वास-प्रमुख नेमला तरी हरकत नाही. मात्र तो सर्वांच्या दृष्टीच्या टप्प्यात, म्हणजे बहुधा पुढच्या रांगेत, असावा. मागच्या रांगेतला अनुभवी कलाकार कितीही खंबीर असला तरी पुढच्यांना दिसत नाही.

सर्वांनी सतत एकत्र बोलायचे नसते

सगळा मजकूर सर्वांच्या तोंडी देणे हा समूहाच्या आवाजाचा सर्वांत थकवणारा वापर आहे, कलाकारांना आणि प्रेक्षकांनाही. एकाने हाक द्यावी आणि समूहाने उत्तर द्यावे. एक ओळ चार मात्रांच्या अंतराने तीन गटांनी उचलावी. एका गटाने स्वर धरून ठेवावा आणि दुसऱ्याने त्यावर शब्द टाकावेत. बालीमधल्या केचकमध्ये गोलात बसलेला पुरुषांचा मोठा समूह ‘चक’ हे एकच अक्षर वेगवेगळ्या लयबंधांत वाटून घेतो. एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचे अक्षर येते, आणि कोणालाही सलग उच्चार करावा लागत नसताना ऐकणाऱ्याला मात्र अखंड, दाट लय मिळते. आपल्या रचनेत याचा सरळ उपयोग होतो. ज्यांच्याकडे उड्या आणि उचलणे आहे त्यांनी त्या वेळी गप्प राहावे आणि त्यांचे शब्द उरलेल्यांनी वाहावेत. प्रेक्षकाला शब्द त्या उडीतूनच निघाल्यासारखे वाटतात, याची खात्री बाळगावी.

लांबवलेला स्वर समूहाने धरायचा असेल तर आळीपाळीने श्वास घ्यावा. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, श्वास घेण्यापूर्वी आवाज हळूहळू कमी करायचा आणि परत येतानाही हळूच मिसळायचे. यासाठी रांगेत क्रमांक देऊन ठेवणे सर्वांत बरे.

तोंडाची दिशा हा विषय आकृतिबंध आखतानाच सोडवावा. आवाजातला व्यंजनांचा, धारदार भाग मुख्यतः तोंड ज्या दिशेला असते तिकडे जातो. पाठ फिरली की स्वर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. तेव्हा गिरकीत किंवा प्रेक्षकांकडे पाठ असताना हुंकार, आलाप किंवा आधी अनेकदा आलेला शब्द ठेवावा आणि नवी माहिती देणारा शब्द तोंड समोर आल्यावरच द्यावा. कमरेतून खाली वाकलेले असताना मान मागे वळवून बोलू नये. घसा आवळला जातो. मान पाठीच्या कण्याच्या रेषेत सोडली तर वाकूनही आवाज मोकळा निघतो, फक्त तो जमिनीकडे जातो हे लक्षात ठेवावे.

रोजच्या तालमीची आखणी आणि घशाची काळजी

दोन तासांची तालीम असेल तर पहिली वीस-पंचवीस मिनिटे तयारीला द्यावीत, आणि शरीर व आवाज यांची तयारी वेगवेगळी न करता एकत्र करावी. पाठीवर झोपून पोट आणि खालच्या बरगड्या श्वासाने कशा हलतात ते पाहावे, कुशीवर वळून हुंकार भरावा, उभे राहून ओठ फुरफुरवत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत घसरत जावे, जागेवर हलके धावत एकच ‘म’ धरावा. धावताना ‘म’ थरथरतो. तो दाबून सरळ करायचा प्रयत्न करू नये. गुडघे आणि घोटे मऊ झाले की तो आपोआप सावरतो, आणि आवाजाचा धक्का पायांत जिरतो हे कलाकाराला तिथे स्वतः कळते.

पूर्ण आवाजात पूर्ण हालचाल एका तालमीत तीन वेळांहून अधिक करू नये. इतर वेळी एक बाजू हलकी ठेवावी: पावले पूर्ण आणि शब्द हलक्या बोलण्यात, किंवा शब्द पूर्ण आणि पावले केवळ खुणेपुरती. हलके बोलणे म्हणजे कुजबुज नव्हे. जोर देऊन केलेली कुजबुज स्वरतंतूंना विश्रांती देत नाही, उलट ताण देऊ शकते. पाण्याचे घोट थोड्या थोड्या वेळाने घ्यावेत. एखाद्याचा आवाज बसला असेल तर त्याने त्या दिवशी केवळ हालचाल करावी, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही किंवा बोलताना दुखू लागले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. समूहात ‘माझ्यामुळे आवाज कमी पडेल’ या भावनेने माणसे दुखणे लपवतात. तसे करू नये हे दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे.

तालमीचे ध्वनिमुद्रण करून ते न बघता केवळ ऐकावे. डोळ्यांना हालचाल दिसत असते तेव्हा कान माफ करतात. केवळ ऐकताना कोणता शब्द गळाला, कोणत्या मात्रेवर सगळ्यांनी आवाज करत श्वास ओढला आणि पायांच्या आवाजाखाली काय दबले, हे उघड होते.

रंगमंचावर गेल्यावर

तालमीच्या खोलीतून रंगमंचावर गेल्यावर पहिला दिवस केवळ जागेसाठी ठेवावा. अंतरे बदलतात, त्यामुळे पावलांची संख्या बदलते आणि तिच्याबरोबर श्वासही. जमिनीवर मधली रेषा आणि मोक्याच्या जागा पट्टीने खुणावून घ्याव्यात. मग एका सहकाऱ्याने सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून मजकुराचा कागद समोर न ठेवता ऐकावे आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढावेत. मजकूर पाठ असलेल्याला प्रत्येक शब्द ऐकू येतो, म्हणून हे काम संचाबाहेरच्या व्यक्तीला देणे अधिक चांगले. जमीन पोकळ असेल तर ठेक्याचा आवाज शब्दांवर मात करतो. तिथे शब्द मोठा करण्याऐवजी पाऊल हलके करावे किंवा शब्द ठेक्यानंतर अर्ध्या मात्रेने सरकवावा. ध्वनिक्षेपक वापरायचा असेल तर तो किमान दोन तालमी आधी मिळावा असा आग्रह धरावा, कारण अंगावरचा मायक्रोफोन धापही तितक्याच इमानाने पोहोचवतो.

रंगीत तालमीत वेशभूषेचा श्वासावर होणारा परिणाम आवर्जून पाहावा. बरगड्यांभोवती किंवा कमरेला घट्ट बसणारा कपडा उभे असताना ठीक वाटतो आणि खाली बसून बोलताना आवाज अडवतो. मोजमाप श्वास पूर्ण आत घेतलेल्या स्थितीत घ्यावे. प्रकाशयोजनेमुळेही एक अडचण येते: बाजूचा तीव्र प्रकाश डोळ्यांत गेला की शेजाऱ्याची छाती दिसत नाही आणि श्वासाचा इशारा हरवतो. अशा जागा हेरून तिथे सुरुवातीसाठी पायाचा हलका ठेका किंवा ऐकू येणारा नाकातला श्वास ठरवून घ्यावा.

प्रयोगात चूक होईल हे गृहीत धरून रचनेत सावरण्याच्या जागा ठेवाव्यात. दर दीड-दोन मिनिटांनी असा एक क्षण असावा जिथे सर्वजण स्थिर असतील, एकत्र श्वास घेतील आणि सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दाने पुढे जातील. मधे कोणाची ओळ सुटली तर त्याने ती पकडण्यासाठी घाई करू नये. हालचाल चालू ठेवावी, गप्प राहावे आणि पुढच्या स्थिर क्षणी आवाजात सामील व्हावे. ही पद्धत तालमीत मुद्दाम चुका घडवून तपासून पाहावी: दिग्दर्शकाने चालू भागात एकाला गप्प राहायला सांगावे आणि बाकीचे कसे सावरतात ते पाहावे.

प्रयोगाच्या दिवशी नवे काहीही सांगू नये. पडदा उघडण्यापूर्वी तासभर आधी नेहमीची तयारी करावी, संपूर्ण मजकूर एकदा संथ लयीत, गोलात उभे राहून, हलक्या आवाजात म्हणावा आणि शेवटची काही मिनिटे शांत राहावे. प्रयोग संपल्यावर लगेच मोठ्याने बोलणे टाळून पाच-सात मिनिटे खालच्या स्वरात हुंकार, ओठांची फुरफुर आणि संथ चालणे करावे, म्हणजे घसा आणि पाय दोन्ही हळूहळू निवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग असेल तर श्वासाचा तक्ता काढून कालच्या जागेत, कालच्या प्रेक्षकांसमोर कुठे श्वास कमी पडला ते त्यावर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने खुणावावे. जिथे तीन-चार जणांच्या खुणा एकाच मात्रेवर येतील तिथे कलाकारांना दोष न देता रचना बदलावी: ओळ अर्ध्या समूहाला द्यावी, एक मात्रा मोकळी सोडावी किंवा उडी पुढे ढकलावी, आणि बदललेली जागा संध्याकाळच्या प्रयोगाआधी सर्वांनी मिळून संथ लयीत म्हणून घ्यावी.